आखूड केसांच्या कुत्र्याची आंघोळ : साबण थोडा, पाणी भरपूर, अंग कोरडं

‘दर रविवारी आंघोळ घालतो, तरी दोन दिवसांत वास येतोच.’ ‘तीन शाम्पू बदलले, खाज काही थांबत नाही.’ ‘डॉक्टर म्हणतात महिन्यातून एकदा, शेजारच्या काकू म्हणतात आठवड्याला. ऐकायचं कोणाचं?’ कुत्रा पाळणारे वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा गल्लीतून आणलेला इंडी असतो, नाहीतर लॅब्रॅडॉर, बीगल, पग, डॉबरमन, बॉक्सर, डाल्मेशियन किंवा कारवान. म्हणजे केस आखूड. लांब केसांचा कुत्रा पाळणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं की हे काम निगुतीचं आहे. आखूड केसवाल्यांना मात्र वाटतं, यात काय मोठंसं! दोन बादल्या पाणी, थोडा साबण, पंचा फिरवला की झालं.

घोळ तिथेच होतो. आंघोळी गरजेपेक्षा जास्त होतात, साबण पुरता निघत नाही, आणि अंग वरून कोरडं दिसलं की आपण कुत्र्याला सोडून देतो. या तीन गोष्टी सुधारल्या तर शाम्पू कोणता हा प्रश्न बराचसा मागे पडतो.

किती दिवसांनी?

निरोगी आणि घरात राहणाऱ्या कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ पुरते. इंडीला दोन महिन्यांतून एकदाही चालते, कारण त्याच्या अंगावरची माती वाळली की आपोआप झडते. लॅब्रॅडॉर आणि बीगल जरा तेलकट अंगाचे, त्यांना तीन-चार आठवड्यांनी घाला. दर आठवड्याची आंघोळ फक्त डॉक्टरांनी औषधी शाम्पू लिहून दिला असेल तरच.

यामागचं कारण थोडक्यात असं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिच्यावरचा तेलाचा थर हेच तिचं संरक्षण असतं. तो थर वारंवार धुतला की कातडी कोरडी पडते, कोंडा धरते आणि कुत्रा खाजवू लागतो. आपल्याला वाटतं अंग मळलं, म्हणून आपण पुन्हा आंघोळ घालतो. अशा वेळी महिनाभर शाम्पूची बाटली कपाटात ठेवून बघा.

आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांत वास परत आला तर तो बहुधा केसांचा नसतो. कान उलटा करून हुंगा. तोंड उघडून दात बघा. शेपटीखालून मासळीसारखा वास येत असेल, कुत्रा बूड जमिनीवर घासत असेल, तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या असण्याची शक्यता आहे. त्या घरी दाबू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. यातलं काहीच शाम्पूने जाणारं नाही.

या दिवसांत आंघोळ टाळा

- गोचिडीचं औषध मानेवर थेंब-थेंब टाकलं असेल, तर त्याआधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस. हे औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. तेलच धुऊन टाकलं तर औषधाचे पैसे मोरीत गेले.
- लस टोचल्यावर दोन-तीन दिवस. आंघोळीने लस वाया जात नाही, पण टोचलेली जागा दुखत असते आणि काही पिल्लांना कणकणही येते.
- ऑपरेशनचे टाके निघेपर्यंत.
- ताप, जुलाब, उलट्या चालू असताना.
- पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत. तोवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पुसायला पुरतं. इतक्या लहान पिल्लाला अंगातली ऊब टिकवता येत नाही.
- उन्हातून पळून आला, धापा टाकतोय, तर धाप बसेपर्यंत साबणाची आंघोळ नको. त्याला ऊन लागल्यासारखं वाटत असेल, म्हणजे तो लडखडत असेल किंवा हिरड्या लालभडक झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी. मग साध्या पाण्याने अंग लगेच ओलं करा, वारा घाला आणि तसाच दवाखाना गाठा.

पाणी कसं हवं?

कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघा, गरम असं जाणवता कामा नये. आपल्याला छान वाटणारं कढत पाणी कुत्र्याला नको असतं.

उन्हाळ्यात एक फसगत हमखास होते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी ‘साधं’ म्हणून आपण घेतो आणि ते हाताला चटका देतं. अंगणातली रबरी नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातलं पहिलं पाणी त्याहून तापलेलं असतं. आधी ते झाडांना सोडा, हाताने बघा, मग कुत्र्याकडे वळा. हिवाळ्यात नाशिक, नागपूरकडच्या थंडीत सकाळी सातची आंघोळ काढू नका, अकरा वाजू द्या.

बादलीत हीटरची कांडी टाकून पाणी तापवत असाल तर कुत्रा आत येण्याआधी बटण बंद, प्लग काढलेला आणि कांडी न्हाणीघराबाहेर असली पाहिजे. ‘फक्त बटण बंद केलंय’ यावर भागवू नका. ओला कुत्रा कुठे उडी मारेल सांगता येत नाही.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर फेस कमी येतो. आपण शाम्पू वाढवतो आणि तो निघता निघत नाही. टँकर-बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत निदान शेवटच्या दोन बादल्या तरी नळाच्या गोड्या पाण्याच्या ठेवा.

शाम्पू : काय चालेल, काय नाही

कुत्र्यांसाठीचा साधा, कमी वासाचा शाम्पू घ्या. माणसाच्या आणि कुत्र्याच्या कातडीची आम्लता वेगळी असते, म्हणून आपला साबण त्याला मानवत नाही. एखाद्या वेळी कुत्रा गटारात लोळून आला आणि घरात दुसरं काही नसलं, तर लहान मुलांचा सौम्य शाम्पू वापरल्याने काही बिघडत नाही, पण तो नेहमीचा करू नका.

हे मात्र वापरूच नका:

- फिनेल, जखमा धुण्याची जंतुनाशकं, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर. अंगावर राहिलेलं कुत्रा चाटतो, हे विसरू नका.
- टी-ट्री तेल. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, पण कुत्र्याला विषारी आहे.
- रिठा-शिकेकाईचं पाणी तोंडाजवळ. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं.
- घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असलेला गोचीड-पिसवांचा शाम्पू. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा.

कडुनिंबाचा पाला घातलेलं पाणी? जरूर घाला, त्रास काही नाही. फक्त त्याने गोचिड्या मरतील अशी आशा धरू नका. गोचिडीतून होणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो, म्हणून तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा थेंबच हवेत. पाण्यात कालवायचं अमिट्राझ हे औषध अनेक दुकानांत सहज मिळतं आणि लोक ते अंदाजाने ओततात. ते साबणासारखं वापरायचं औषध नव्हे. लहान पिल्लाला, मधुमेही कुत्र्याला आणि मांजराला ते घातक आहे. डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय हात लावू नका.

औषधी शाम्पू दिला असेल तर तो अंगावर दहा मिनिटं राहावा लागतो. घड्याळ लावा. लावला आणि लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही डॉक्टरांना सांगता, ‘गुण आला नाही.’

कंडिशनरचं विचाराल तर, आखूड केसांना तो बहुतेक वेळा लागत नाही. दुकानदार जोडीने विकतो म्हणून घेऊ नका.

आखूड केसांचा एक खास धोका

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण याची माहिती कमी लोकांना असते. आखूड, ताठ केस जोरात उलट्या दिशेने घासले की त्यांची टोकं आणि मुळं कातडीत रुततात. तिथून जंतू आत शिरले तर आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत पाठीवर, मानेवर दुखऱ्या गाठी उठतात. कुत्रा पाठीला हात लावू देत नाही, मलूल होतो, ताप येतो. घरच्यांना वाटतं कुठेतरी लचकला असेल.

हे जंतू अनेकदा शाम्पूतूनच येतात. आपण काटकसर म्हणून बाटलीत पाणी घालून शाम्पू वाढवतो आणि ती बाटली महिनाभर दमट न्हाणीघरात राहते. त्या पातळ शाम्पूत जंतू मजेत वाढतात. म्हणून दोन नियम करा:

- शाम्पू पातळ करायचा तो मगात, त्या वेळेपुरता. उरलेला फेकून द्या.
- हात आणि ब्रश केसांच्या दिशेने, म्हणजे मानेकडून शेपटीकडे.

आंघोळीनंतर अशा गाठी दिसल्या तर हळद, तेल, मलम काही लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ‘परवा आंघोळ घातली होती’ हे आठवणीने सांगा. डॉक्टरांचं निदान त्या एका वाक्याने सोपं होतं.

आधीची तयारी

कुत्रा ओला झाल्यावर टॉवेल शोधायला पळालात तर घरभर पाणी होतं. त्यामुळे हे सगळं हाताशी ठेवूनच दार लावा:

- फरशीवर रबरी मॅट किंवा गोणपाट. बहुतेक कुत्र्यांना पाण्यापेक्षा गुळगुळीत फरशीवर पाय सटकण्याची जास्त भीती वाटते. नुसतं गोणपाट टाकलं तरी निम्मा विरोध मावळतो.
- रबरी ब्रश किंवा रबरी दातांचा हातमोजा.
- मग, दोन-तीन बादल्या पाणी, हँड शॉवर असेल तर उत्तम.
- तीन जुने सुती टॉवेल किंवा पंचे.
- मोरीच्या जाळीवर एखादं फडकं. गळालेले केस पाइपात गेले की प्लंबर आलाच.
- खाऊ. काही जण टाइल्सवर दही फासून ठेवतात. कुत्रा ते चाटत उभा राहतो आणि तुमचे हात मोकळे राहतात. युक्ती चांगली आहे.

त्याआधी एक फेरी मारून आणा, म्हणजे शी-शू उरकलेली असेल. मग कोरड्या अंगावर पाच-सात मिनिटं रबरी ब्रश फिरवा. हे टाळण्याचा मोह होतो, कारण आखूड केसांत गुंता नसतो. पण गळायला आलेले केस कोरडे असताना जितके निघतात तितके ओले झाल्यावर निघत नाहीत, आणि ते अंगावर राहिले की साबण धरून ठेवतात. ब्रश करताना हात सगळीकडून फिरतो. काखेत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड, फोड किंवा गाठ असेल तर तेव्हाच लागते. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, तेल नको.

आंघोळ, क्रमाने

1. चामड्याचा पट्टा काढा. धरायला हवंच असेल तर नायलॉनचा पट्टा किंवा हार्नेस घाला. न्हाणीघराच्या नळाला साखळीने बांधून ठेवू नका. घाबरून ओढला तर गळ्याला फास बसतो.

2. पाणी पायांपासून घाला, मग पाठ, मग मान. पहिला मग डोक्यावर कधीच नको. अपवाद एकच. अंगावर पिसवा असतील तर सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर अंग भिजताच त्या कानांकडे आणि डोळ्यांकडे पळतात.

3. डॉबरमन, बॉक्सर, डाल्मेशियन लगेच भिजतात. लॅब्रॅडॉरच्या पाठीवरून मात्र पाणी ओघळून जातं, कारण वरच्या केसांखाली मऊ, दाट लव असते. बीगलचं आणि बऱ्याच पगांचंही तसंच. त्यांच्या केसांत बोटं घालून पाणी कातडीपर्यंत पोचवावं लागतं. तुमच्या इंडीचं कसं आहे ते केस उलटे सारून बघा, इंडीत दोन्ही प्रकार असतात.

4. पातळ केलेला शाम्पू पाठीवर ओता आणि केसांच्या दिशेने हलक्या हाताने चोळा. पोट, काखा, जांघा, शेपटीखालचा भाग, पट्ट्याखालची मान आणि बोटांच्या बेचक्या, खरा मळ इथे असतो. पाठ तुलनेने स्वच्छच असते, पण सगळ्यांचा हात पाठीवरच घुटमळतो.

5. आता धुणं. साबण लावायला जितका वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ इथे द्या. वरून खाली, मानेपासून सुरुवात. खाली वाहणारं पाणी नितळ दिसू लागलं तरी थांबू नका. कुत्रा उभा असताना साबण ओघळून पोटाखाली, कोपरांमागे आणि जांघेत जमतो. तिथे हात घालून बोटांनी चाचपा. केस बोटांत चुरचुरले पाहिजेत. गुळगुळीत लागले तर शाम्पू अजून आहे. तो राहिला की दोन दिवसांनी नेमक्या त्याच जागा लाल होतात आणि कुत्रा त्या चाटत बसतो. ‘शाम्पूची अॅलर्जी’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींत शाम्पू चांगला असतो, तो निघालेला नसतो.

6. तोंडाला साबण नको. ओल्या फडक्याने पुसा. पगच्या नाकावरच्या घड्या बोटाला फडकं गुंडाळून आतून पुसा आणि लगेच कोरड्या करा.

7. कानांत पाणी जाऊ नये म्हणून कापसाचा मोठा बोळा सैलसर ठेवता येतो. मोठा अशासाठी की आत सरकू नये, आणि आंघोळ झाल्यावर काढायची आठवण राहावी. कुत्र्याच्या कानाची नळी आत वळलेली असते. गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. कानकाडी घालाल तर मळ आणखी आत ढकलाल.

सुकवणं : खरं काम इथे आहे

सगळ्यात आधी त्याला झटकू द्या. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांचं हे झटकणं मोजलं होतं. काही सेकंदांत प्राणी अंगावरचं बरंचसं पाणी उडवून लावतो, इतका कोणताही टॉवेल कामसू नाही. दार लावून घ्या, दोन पावलं मागे व्हा आणि तीन-चार वेळा झटकू द्या. आंघोळ चालू असताना त्याने झटकू नये असं वाटत असेल तर नाकावर अलगद हात ठेवा. झटका डोक्यापासून सुरू होतो, तिथे हात असला की तो बहुधा थांबतो.

मग टॉवेल. खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. पहिला टॉवेल पाठीला आणि पोटाला. तो जड झाला की बाजूला टाका. ओल्या टॉवेलने पुसत राहणं म्हणजे पाणी इकडचं तिकडे करणं. दुसरा काखा, जांघा, शेपटीचं बूड आणि पायांना. तिसरा, अगदी कोरडा, पंजे आणि कानांसाठी ठेवा. चारही पायांच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून टिपा. याला वेळ लागतो आणि कुत्रा पाय ओढून घेतो, पण पावसाळ्यात पंजे चाटून लाल करणाऱ्या कुत्र्यांची कथा बहुतेक वेळा या ओलाव्यापासूनच सुरू होते.

वरून हात फिरवून ‘सुकला’ असं ठरवू नका. केस उलटे सारा आणि बोटाची मागची बाजू कातडीला टेकवा. गार लागली तर आत ओल आहे. लॅब्रॅडॉरच्या मानेखाली, कानामागे आणि शेपटीच्या बुडाशी ही ओल तासन्तास राहते. तिथे एका रात्रीत ओलसर, लाल, केस गळालेला चट्टा उठू शकतो.

पुढे काय वापरायचं ते तुमच्या घरावर आणि ऋतूवर आहे.

- ऊन. सकाळचं कोवळं ऊन उत्तम. मे महिन्यात गच्चीची फरशी पंजे भाजते, आधी स्वतः अनवाणी उभं राहून बघा. पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या कुत्र्याला दुपारच्या उन्हात ठेवू नका. उन्हात बांधून तर कुणालाच ठेवू नका, सावलीत जायची वाट मोकळी हवी.
- पंखा. टॉवेलने नीट टिपल्यावर बहुतेक आखूड केसवाल्यांना पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पुरतो. ओल्या अंगाने एसीच्या खोलीत नको.
- हेअर ड्रायर. गार किंवा अगदी मंद गरम हवेवर, अंगापासून निदान वीतभर लांब, आणि सतत हलता. तुमचा दुसरा हात हवेच्या झोतात असू द्या, म्हणजे चटका आधी तुम्हाला कळेल. तोंडावर आणि कानांत झोत नको. आवाजाला घाबरत असेल तर पहिले काही दिवस ड्रायर दुसऱ्या खोलीत नुसता चालू ठेवा आणि इकडे खाऊ द्या. ड्रायर न्हाणीघरात वापरू नका, कोरड्या खोलीत या.

पग, बॉक्सर अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवा मुळीच नको. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यातही नाकामुळे कमी पडतात. कोंदट खोलीत गरम ड्रायर लावला तर ऊन लागण्याचा धोका असतो. टॉवेल आणि पंखा, एवढंच.

आंघोळीनंतर बरेच कुत्रे वेड्यासारखे धावत सुटतात. ते हौसेनेच करतात, घाबरू नका. फक्त ओल्या फरशीवर सटकून पाय मुरगळू नये म्हणून जमखाना किंवा सतरंजी टाका. पूर्ण कोरडा होईपर्यंत स्वेटर घालू नका, पट्टा चढवू नका आणि दार उघडं ठेवू नका. ओला कुत्रा थेट मातीत जाऊन लोळतो. तुम्ही लावलेला वास त्याला आवडलेला नसतो.

पावसाळ्यात

चिखलात रोज बरबटतो म्हणून आंघोळी वाढवू नका. बाहेरून आल्यावर दारातच पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा, टिपा, बेचक्या कोरड्या करा. शाम्पू नेहमीसारखाच, महिन्याने. जून ते सप्टेंबर कोकण-मुंबईकडे हवेतच इतका दमटपणा असतो की ऊन मिळणार नाही हे गृहीत धरा. आंघोळ दुपारी घाला, म्हणजे रात्रीपर्यंत सुकायला वेळ राहील. अंथरुणही कोरडं हवं. ओल्या गोधडीवर झोपलेला कुत्रा सकाळी पुन्हा वास मारतो.

गुरगुरला तर

थांबा. जबरदस्तीने पूर्ण केलेली आंघोळ पुढच्या दहा आंघोळी अवघड करते. त्या दिवशी नुसते पाय धुऊन सोडा. पुढच्या आठवड्यात कोरड्या न्हाणीघरात फक्त खाऊ द्या, मग एक मग पाणी, मग दोन. तोंड दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधू नका, बांधलेल्या तोंडाने धापा टाकता येत नाही. नेहमी शांत असणारा कुत्रा अचानक एखाद्या जागी हात लावल्यावर गुरगुरला, तर तिथे दुखतंय असं समजा.

दवाखाना कधी गाठायचा?

- अंगावर गोल चट्टे, पुटकुळ्या, ओलसर लाल भाग, किंवा आंघोळीनंतर उठलेल्या दुखऱ्या गाठी.
- डोकं सारखं झटकणं, एका बाजूला कलतं धरणं, कानातून वास किंवा स्राव.
- शेपटी लुळी पडून लोंबते आणि हात लावल्यावर कुत्रा केकाटतो. गार पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा खूप पोहल्यावर लॅब्रॅडॉर आणि बीगलमध्ये हे दिसतं. बहुधा काही दिवसांत बरं होतं, पण शेपटीचं हाड मोडलं नाही ना, हे डॉक्टरांनाच बघू द्या. पुढच्या वेळी पाणी कोमट घ्या.
- कातडी काळपट, जाड, तेलकट होऊन आंबूस वास. ही बहुधा बुरशी असते आणि तिला औषध लागतं.

सोसायटीत आंघोळ, आणि पार्लरमध्ये तुमचे हक्क

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि त्याला लिफ्टमधून नेण्यापासून अडवता येत नाही. पण म्हणून गच्चीतल्या सामायिक नळावर किंवा पार्किंगमध्ये फेस करून कुत्रा धुण्याचा हक्क मिळतो असं नाही. केस आणि साबण सगळ्यांच्या गटारात जातात, पाणी सगळ्यांच्या बिलात. स्वतःच्या न्हाणीघरात घाला, नाहीतर सोसायटीकडून जागा आणि वेळ लेखी ठरवून घ्या. भांडण झाल्यावर नियम शोधण्यापेक्षा हे बरं.

पार्लरला नेणार असाल तर आधी हे विचारा:

- सुकवताना पिंजऱ्यात बंद करून गरम हवा सोडतात का? हो म्हणाले तर दुसरं पार्लर बघा.
- काचेतून किंवा आत उभं राहून बघता येईल का?
- कुत्रा शांत राहावा म्हणून औषध देतात का? गुंगीचं औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं.
- आधीच्या कुत्र्याचा टॉवेल आणि ब्रश धुतलेला आहे का?

सोडताना कुत्र्याचा फोटो काढा, पावती मागा, अंगावर आधीची जखम असेल तर ती पावतीवर लिहून घ्या. घेताना कान, पंजे आणि पोट तिथेच तपासा. भाजलं, कापलं, पाय दुखावला असं आढळलं तर लगेच फोटो, दवाखान्याचा कागद आणि पावती एकत्र ठेवा. पार्लरची सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क पडत नाही. मुद्दाम मारहाण किंवा छळ झाला असेल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करा.

आणि पुढची आंघोळ कधी, असा प्रश्न रविवारी सकाळी पडला तर कॅलेंडर बघा. मागच्या आंघोळीला तीन आठवडे झाले नसतील आणि डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर रबरी ब्रश काढा आणि कुत्र्याला फिरायला न्या.